गुन्हा काढा, दुकान काढू नका

सोयाबीनचा भाव पडला की आमच्याकडे गांजाचा विषय निघतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीच्या ओट्यावर माल त्याच्या खाली जात होता. त्या दिवसांत फाट्यावरच्या पानठेल्यावर एक तरुण कास्तकार खर्रा घोटून व्हायची वाट पाहत म्हणाला, "भाव देनं होत नसन तं सरकारनं गांजा तरी लावू द्यावा. एका एकरात सातबारा कोरा होते." बाकड्यावर बसलेले निवृत्त गुरुजी उसळले, "अन् गावातले पोट्टे? ते कोन्या सातबाऱ्यावर चढवशीन?" मग अर्धा तास जुंपली. एकाने कॅनडा काढला, दुसऱ्याने पंजाब. पंजाबचं मुख्य दुखणं अफू-हेरॉइनचं आहे, गांजाचं नाही. आणि कॅनडात हे पीक घेणारा 'शेतकरी' पुष्कळदा बंद इमारतीत दिवे लावून झाडं वाढवणारी कंपनी असते. दोघांच्याही हे गावी नव्हतं. जाताना दोघांनीही खर्ऱ्याची पुडी उचलली. तिच्यातली सुगंधित तंबाखू महाराष्ट्रात कधीचीच बंद आहे, पण त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

ही मागणी काही आमच्याच फाट्यावरची नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. ती मिळणार नव्हती, हे अर्ज करणाऱ्यालाही ठाऊक असावं. तो अर्ज म्हणजे रागाने मारलेला टोमणा होता. पण टोमण्याची मागणी व्हायला वेळ लागत नाही, आणि मागणीचं धोरण करायला टपून बसलेली माणसं मुंबई-दिल्लीत कमी नाहीत. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगतो. गांजा ओढणाऱ्याला आणि झोपडीमागे दोन झाडं ठेवणाऱ्याला तुरुंग दाखवणारं कलम गेलं पाहिजे. मात्र गांजाचे परवाने, दुकानं, कंपन्या आणि कर या वाटेला सरकारने जाऊ नये. शेतकऱ्याचं नाव पुढे करून तर मुळीच जाऊ नये. 'कायदेशीर करा' या दोन शब्दांत या दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, तिथेच या वादाचा चिखल होतो.

आधी कायदा पाहू, कारण भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, पोलीस ज्याला एनडीपीएस म्हणतात त्यात, झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. नुसतं पान त्या व्याख्येबाहेर आहे, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. आपल्याकडे पानही राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येतं, ती गोष्ट वेगळी. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण': शिक्षा वर्षभरापर्यंत, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर 'व्यापारी प्रमाण': दहा ते वीस वर्षं. लागवडीला मात्र अल्प-बिल्प काही नाही. झाड एक असो की हजार, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. म्हणजे नागपुरात बॅगेत नऊशे ग्रॅम घेऊन फिरणारा कॉलेजकुमार एका वर्षाच्या कलमात बसतो आणि तुरीच्या तासात स्वतःच्या चिलमीपुरती दोन झाडं ठेवणारा सालदार दहा वर्षांच्या. याला कोणता न्याय म्हणायचा?

पंचनाम्यात झाड पुष्कळदा मुळासकट, देठापानांसकट, ओलंच काट्यावर चढतं. फुलोरा तेवढाच गांजा धरावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या अर्जांवर म्हटलेलं आहे. पण त्या वाक्यापर्यंत पोचायला वकील लागतो, नागपूरच्या खेपा लागतात, आणि तोवर आरोपीची पेरणी हुकलेली असते. याच कायद्याने बेकायदा लागवड कळवण्याची जबाबदारी सरपंचापासून गावातल्या प्रत्येक सरकारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. कागदावर ठीक. पण जिथे धुऱ्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात, तिथे दुसऱ्याच्या वावरात चार झाडं 'सापडणं' किती सोपं आहे, हे गावात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. इतक्या जड कायद्याने गांजा थांबला असता तर निदान तेवढं समाधान मानता आलं असतं. तो येतोच. ओडिशाच्या मलकानगिरी-कोरापुटकडून, आंध्रच्या डोंगरपट्ट्यातून, छत्तीसगड नाहीतर तेलंगणामार्गे तो नागपूरला उतरतो आणि पुड्या होऊन तालुक्यापर्यंत पोचतो. पकडले जातात ते बहुधा गाडीचा ड्रायव्हर, क्लीनर आणि शेवटच्या टोकाचा पुडीवाला. तेव्हा कायदेशीरवाल्यांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: आजचा कायदा गरिबावर जड आणि धंद्यावर हलका आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा इतिहासाचा, आणि तो ते फार आवडीने मांडतात. इंग्रजांनीच चौकशी केली, इंग्रजांनीच गांजा निरुपद्रवी ठरवला, म्हणे. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, हे खरं. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि बेताच्या सेवनाने जवळजवळ काहीच अपाय होत नाही, असा निष्कर्ष काढला, हेही खरं. पण त्याच आयोगाने पुढे काय सुचवलं, ते मात्र कोणी सांगत नाही. लागवड मोजक्या जागी आणा, परवाना ठेवा, कर वाढवा, दुकानांची संख्या आवरा! नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात गांजा लावायची मुभा खंडव्याच्या आसपास होती, तीही परवान्याने, आणि माल सरकारी गोदामात जमा करावा लागे. साम्राज्याला पिणाऱ्याच्या तब्येतीची काळजी होती तशी तिजोरीचीही होती. आयोगाचा अर्धा निष्कर्ष छातीवर मिरवायचा आणि उरलेला अर्धा खिशात ठेवायचा, ही लबाडी आहे. आणि त्या अहवालातली एक गोष्ट गुरुजींच्या बाजूनेही सोयीस्करपणे विसरली जाते: बंदी आणली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील, ही भीती तेव्हाही व्यक्त झाली होती. आज खेड्यातल्या मुलांच्या खिशात गुंगीच्या गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडतात, तेव्हा ती भीती अगदीच पोकळ होती असं म्हणवत नाही.

तिसरा मुद्दा परंपरेचा. शेगावच्या महाराजांच्या हातातली चिलीम आमच्या घराघरांतल्या तसबिरींत आहे. पचमढीच्या महादेवाला पायी जाणाऱ्या जथ्यात कोण काय ओढतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी विचारत नाही. मग ज्या झाडाला आम्ही महादेवाचं म्हणतो त्याला दिल्लीच्या एका कायद्याने गुन्हेगार का ठरवावं? प्रश्न रास्त आहे. एक मात्र लक्षात घ्या. त्या चिलमीला वेळ होती, जागा होती, सोबत होती, आणि वयाचा एक धाक होता. बैराग्याच्या धुनीवर सोळा वर्षांचं पोरगं बसलं तर त्याला उठवणारा कोणीतरी असे. आज तालुक्याच्या रस्त्यावर पुलाखाली गोगो पेपरात भरून ओढणाऱ्या पोरांना उठवणारं कोणी नाही. शिवाय परंपरा काय एकच होती? ज्या मातीत चिलमीची कथा भक्तीने ऐकली जाते, त्याच मातीत मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडधोड वाढणारे गाडगेबाबा झाले आणि गावोगाव खंजिरी घेऊन व्यसनाविरुद्ध बोलणारे तुकडोजी महाराज झाले. परंपरेच्या पोत्यातून आपल्याला हवं तेवढंच धान्य काढायचं असेल, तर तिला साक्षीला बोलावू नये.

आता मूळ दाव्याकडे, एका एकरात सातबारा कोरा होण्याकडे. गांजाला आज जो भाव आहे तो झाडाचा भाव नाही. तो जोखमीचा भाव आहे: रात्रीच्या वाहतुकीचा, हप्त्याचा, जामिनाचा. बंदी गेली की जोखीम जाते, आणि जोखीम गेली की भाव जातो. उरतं ते एक तण, जे उकिरड्यावरही माजतं. असलं पीक कोरडवाहू कास्तकाराला तारेल, असं कोणत्या हिशेबाने म्हणता? कॅलिफोर्नियात हे घडून गेलं आहे. २०१६ च्या मतदानाने तिथे गांजा प्रौढांसाठी कायदेशीर झाला, २०१८ पासून दुकानं लागली. उत्तरेकडच्या हम्बोल्टच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या चोरून गांजा पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना वाटलं, आता आपले दिवस आले. काही वर्षांतच भाव कोसळले. परवाने, तपासण्या, कर यांचा खर्च मोठ्या भांडवलाला झेपला. डोंगरातली कितीतरी छोटी शेती बसली आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या गावांतली दुकानंही बसली. आपल्याकडे तर भावाची लढत मलकानगिरीच्या डोंगराशी होईल. ओडिशातून एवढ्या लांब चोरून आणलेला माल जिथे परवडतो, तिथे उघड ट्रकने आणलेला किती स्वस्त पडेल?

बरं, सरकार हमीभावाने, परवान्याने घेईल म्हणाल, तर त्याचाही नमुना जवळच आहे. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरला आणि राजस्थानात चित्तोडगडच्या पट्ट्यात अफूची कायदेशीर शेती होते. केंद्राचं नार्कोटिक्स खातं पट्टा देतं, तो साधारण दहा आर जमिनीचा, म्हणजे पाव एकराचा. दर हेक्टरी किमान किती माल द्यायचा ते सरकार ठरवतं, भावही सरकार ठरवतं, आणि घेणारं गिऱ्हाईकही एकटं सरकारच. उतारा कमी पडला की पट्टा धोक्यात. पीक बिघडलं आणि उपटायचं ठरवलं तर तेही अधिकाऱ्यासमोर. तिकडे पोपटांना अफूची बोंडं पळवायची चटक लागल्याच्या बातम्या येतात आणि शेतकरी दिवसभर राखण करतात. आमच्याकडे रोही आणि डुकरं रात्रभर जागली करायला लावतात, त्यात या पोपटांची भर. पीक विम्याच्या कंपनीला नुकसान पटवून देताना ज्यांच्या नाकी नऊ येतात, त्यांनी कल्पना करावी: इथे नुकसान पटवता आलं नाही, तर 'चोरून विकलं' म्हणून आत!

'नशेचं नको, धाग्याचं लावू' असं म्हणणारे जरा शहाणे वाटतात. उत्तराखंडाने २०१८ पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, हिमाचलही त्या दिशेने निघालं आहे. केंद्राच्या कायद्यातच धागा आणि बी यांच्यासाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद आहे. माझा याला विरोध नाही. पण एक प्रश्न आहे: अंबाडीचं काय झालं? आमच्या आज्याच्या काळात वावराच्या कडेला अंबाडी असायचीच. सोट्यांचा ताग काढून बंडीचे दोर, बैलांचे कासरे, खाटेची सुतळी घरीच वळली जायची. नायलॉनची दोरी आली आणि अंबाडी भाजीपुरती, सरबतापुरती उरली. तिच्यावर कसली बंदी नव्हती, परवाना लागत नव्हता, पोलीस येत नव्हते, तरी ती गेली, कारण घेणारा उरला नाही. आधी घेणारा दाखवा, सोलून-कुजवून धागा काढणारी गिरणी दाखवा, मग कास्तकाराला बी दाखवा. २००२ मध्ये बीटी कापूस कायदेशीर झाला तेव्हाही पराटीला सोन्याची बोंडं लागतील असंच सांगितलं होतं. काही वर्षं उतारा खरंच वाढला, ते नाकारत नाही. पण दरवर्षी पाकीट विकत घ्यायची सवय लागली ती लागलीच, आणि बोंडअळी परत आली ती वेगळीच.

एवढं ऐकून गुरुजींची बाजू खूश होईल, पण तिचाही हिशेब बाकी आहे. मी वर्धा जिल्ह्यातला, म्हणजे जन्मापासून दारूबंदीतला, आणि दारू कुठे मिळते हे मला शाळेत असतानाच ठाऊक होतं. नदीचा पूल ओलांडला की पलीकडे यवतमाळ नाहीतर अमरावती. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि मोहाचा सडवा जंगलात आजही लागतो. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या, २०१५ मध्ये बंदी मिळवली. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि बंदी उठली. यातून लोक सरळ निष्कर्ष काढतात की बंदी फसते, म्हणून उघडा. मला तो निष्कर्ष पटत नाही. बंद जिल्ह्यात दारू मिळते, पण दुकान नसतं, आणि हा फरक बाहेरच्याला क्षुल्लक वाटला तरी गावात राहणाऱ्याला कळतो. दिवसाउजेडी रांग नसते. एसटीतून उतरल्या उतरल्या समोर पाटी नसते. मजुरीच्या दिवशी पैसे हातात पडल्यापासून घरी पोचेपर्यंतच्या वाटेत थांबा नसतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: बाईला ओरडायचा हक्क असतो. चोरून विकणाऱ्याच्या दारात जाऊन तिने मडकी फोडली तर कायदा निदान कागदावर तिच्या बाजूने उभा असतो. परवानाधारक दुकानासमोर तीच बाई ओरडली, तर शांतता भंग केली म्हणून पोलीस तिलाच उचलतील. परवाना म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूने उभं राहिलेलं सरकार. १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांना हरकत घेतली होती, तेव्हा त्यांना हेच दिसत होतं. तिजोरीला एकदा त्या पैशाची चव लागली की ती सुटत नाही. गांजाचा कर सुरू झाला तर पाच वर्षांनी कोणता अर्थमंत्री तो सोडेल? थायलंडने जून २०२२ मध्ये बंदी उठवली, हजारोंनी दुकानं उघडली, आणि तीन वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा नियम आणायची वेळ आली. उघडायला एक दिवस पुरला. आता ती दुकानं आवरताना सरकारची दमछाक चालली आहे.

'दारूपेक्षा गांजा बरा' हे वाक्य मात्र मी झटकून टाकणार नाही. ते मी पिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या बायकांकडून जास्त ऐकलं आहे. दारू पिऊन आलेला मारतो, गांजा पिऊन आलेला झोपतो. आकडेही साधारण तेच सुचवतात. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे १६ कोटी होते आणि त्यांपैकी ५.७ कोटींना तिचा त्रास जडलेला होता. भांग-गांजा-चरस मिळून घेणारे ३.१ कोटी आणि त्रास जडलेले ७२ लाख. म्हणजे प्रमाणात पाहिलं तरी दारू वाईट. पण गावातला माणूस काही तराजू घेऊन दारू किंवा गांजा असं निवडत नाही. ज्याला दोन्ही मिळतं तो दोन्ही घेतो, खर्रा तोंडात असतोच. आणि एका बाईने मला सांगितलं ते विसरता येत नाही: "मारत नाही भाऊ तो, पन कमावतही नाही. बसला तं बसलाच." कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांना सवय लवकर जडते, काहींना भास होतात, संशयाचा आजार उफाळतो, हे मानसोपचाराचे डॉक्टर सांगतात आणि त्यात त्यांचा काही स्वार्थ नाही. अशा पोराला आमच्याकडे आधी बाबाकडे नेतात, मग दुसऱ्या बाबाकडे. तिसरी पायरी नागपूरची, आणि तोवर वर्ष गेलेलं असतं. कायद्याच्या ६४अ कलमाप्रमाणे जो व्यसनी थोड्या मालासह पकडला गेला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, त्याच्यावरचा खटला टळू शकतो. हे कलम किती पोलीस पाटलांना माहीत आहे? आईबापाला तर एकच गोष्ट माहीत असते: गांजाचं नाव डॉक्टरसमोर काढलं तर पोरगं आत जाईल. म्हणून ते 'बाहेरचं झालं' म्हणतात. गुन्ह्याच्या भीतीने ओढणं थांबलं नाही, फक्त सांगणं थांबलं.

मग करायचं काय? जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये जे केलं ते मला पाहण्यासारखं वाटतं. प्रौढाला घरी तीन झाडं, जवळ २५ ग्रॅमपर्यंत मुभा, आणि नफा न कमावणारी सभासदांची मंडळं. बाजारात दुकान मात्र नाही. तिथलं सगळं इथे चालणार नाही. त्या मंडळांची तर आपल्याकडे वर्षभरात पतसंस्था होईल! पण दिशा घेण्यासारखी आहे. आपल्याकडे लागवडीच्या कलमात 'अल्प' ही पायरी आणा, दोन-चार झाडांचा आणि जवळच्या पुडीचा विषय तुरुंगातून काढून समुपदेशकाकडे आणि फार तर दंडाकडे न्या. विक्री गुन्हाच राहू द्या, अल्पवयीन पोराला विकणं तर याहून मोठा गुन्हा. आणि कुठे काय चालेल हे गावाला ठरवू द्या. त्यासाठी नवं काही शोधायला नको. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने १९९६ पासून मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालायचा अधिकार दिला आहे. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ-चंद्रपूरचे काही भाग त्यात येतात. बाकी महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून दारूची बाटली आडवी करायची सोय आहेच. आदिवासी गावात देवाला मोहाची धार लागते आणि तेच गाव विकायला काढलेल्या मोहाविरुद्ध ठराव करतं. यात विसंगती आहे असं नागपूर-मुंबईच्या वकिलांना वाटतं, गावाला वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांत भारी आहे. ओढणं गुन्हा नाही आणि विकणं गुन्हा, तर मग ओढणारा आणणार कुठून? स्वतः लावेल तो थोडा. बाकीचे त्याच पुडीवाल्याकडे जातील. हे मला मान्य आहे. मलकानगिरीचा ट्रक माझ्या सुचवणीने थांबणार नाही, आणि काळा बाजार संपेल असं वचन मी देत नाही. फक्त एवढं म्हणतो की पोलिसांचे हात दोन झाडांतून मोकळे झाले तर ट्रककडे वळवता येतील. ते वळवले जातील की नाही, याची खात्री मला नाही. खर्ऱ्याची तंबाखू इतक्या वर्षांत सापडली नाही, तेव्हा फार अपेक्षाही नाही.

हेच सगळं मी मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीनंतर ओसरीवर बसून बोलत होतो. एक म्हातारी मावशी शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "दुकान नाही म्हनतो, हे बरं हाय. पन झाड चालन म्हनतो. माह्या नातवाले ते झाड दिसनार नाही का?" मी म्हटलं, मावशी, झाड आजही आहे, फरक इतकाच की आज तुम्हाला दिसलं तरी तुम्ही कोणाला सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर नातवाला दहा वर्षं. उद्या डॉक्टरला सांगू शकाल, पोलीस पाटलाला सांगू शकाल. ती थोडा वेळ गप्प बसली. "डॉक्टर कोनता?" तिने विचारलं. "आपल्या दवाखान्यात तं बुधवारी येते म्हनतात, अन् येतच नाही."